नाखव्याचे सात टाके

दोस्तांनो, आजची गोष्ट सांगण्यासाठी मला चक्क परवानगी काढावी लागली! ज्याची गोष्ट आहे तो आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. इयत्ता सातवी. अंगानं किरकोळ, पण आवाज असा, की खाडीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडे मढच्या धक्क्यावरचा माणूस वळून बघेल. "मावशी, लिही तू, पण माझं नाव नको," अशी त्याची अट. "बरं बाबा, मग काय म्हणू तुला?" असं विचारलं, तर क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "नाखवा!"

नाखवा म्हणजे बोटीचा मालक, हे तुम्हाला माहीत असेलच. तर आपल्या या नाखव्याचं गेल्या पावसाळ्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पोटावर उजवीकडे खाली एक चीर आणि तिच्यावर सात टाके. ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी नाखवा घरी आला. सर्जननी टाके काढायला नवव्या दिवशी बोलावलं होतं, आणि दहाव्या दिवशी होती नारळी पौर्णिमा!

कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा म्हणजे काय असतं, ते वर्सोव्यात येऊनच बघायला हवं. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांना नवा रंग लागतो, पताका लागतात. वाजतगाजत मिरवणूक निघते आणि समुद्राला नारळ वाहिला जातो. त्या वर्षी मिरवणुकीत गल्लीचं निशाण धरायचा मान नाखव्याला मिळाला होता. "हळूहळू चालायला हरकत नाही, पण नाचायचं नाही," असं सर्जननी सांगितलं होतं. स्वारी खूश!

आणि पाचव्या दिवशी गडबड झाली.

त्या दिवशी काय झालं?

दुपारी आई बाजारात गेली होती. आजीचा डोळा लागला होता. "फक्त पाच मिनिटं" म्हणून नाखवा होडीचा रंग बघायला किनाऱ्यावर गेला. आणि आला की पाऊस! मुंबईचा पाऊस काय विचारून येतो? घरी पोचेपर्यंत सदरा चिंब, आणि सदऱ्याखालची पट्टीही चिंब. नाखव्यानं सदरा बदलला, पोट पंख्यासमोर धरलं, पट्टी वरवर सुकली. झालं, कोणाला काही सांगायची गरजच उरली नाही!

असं त्याला वाटलं. पण दोस्तांनो, पट्टी वरून सुकली तरी आतला कापूस आणि जाळीदार कापड ओलंच राहतं. ओलं, उबदार आणि अंधारं. जंतूंना घर शोधायचं असेल तर याहून चांगली जागा कोणती? त्यात ते पाणी काही गाळलेलं नव्हतं. गल्लीतलं, पागोळ्यांचं, किनाऱ्यावरचं पाणी ते!

सहाव्या दिवशी जखम जरा जास्त दुखू लागली. सातव्या दिवशी ठणकायला लागली. आता इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ऑपरेशननंतरचं दुखणं दर दिवशी थोडं थोडं कमी व्हायला हवं. ते उलट वाढायला लागलं, तर ती शरीरानं मारलेली हाक असते. नाखव्याला ती हाक ऐकू आली होती. पण सांगितलं तर आई रागावणार, आणि त्याहून वाईट म्हणजे निशाण दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाणार! म्हणून पठ्ठ्या गप्प बसला.

आठव्या दिवशी आजीनं पट्टीची कड जरा सुटलेली बघितली. आजीची माया मोठी. तिनं कड उचलली आणि डब्यातली हळद चिमटीनं जखमेवर दाबली. "म्हावरं देऊ नको गो पोराला, टाके पिकतील," असंही सुनेला बजावलं.

त्या संध्याकाळी नाखव्याच्या ताईनं धुवायला टाकलेला त्याचा सदरा उचलला. सदऱ्यावर पिवळा डाग होता. हळदीचा असेल, असं तिला आधी वाटलं. पण तिनं वास घेऊन बघितला आणि तो वास हळदीचा नव्हता. ताई नववीत आहे. तिनं आरडाओरडा केला नाही, भावाला फैलावर घेतलं नाही. सरळ मला फोन केला. "मावशी, सदऱ्याला घाण वास येतोय आणि त्याचं अंग गरम लागतंय. तू येतेस का?"

मी गेले. ताप १०१. जखमेच्या एका टोकाला दोन बोटं रुंद लाली, हात लावला तर गरम. आणि तिथल्या टाक्यांमधून पू. त्याच रात्री आम्ही त्याला त्याच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी दोन टाके उघडले, पू काढला, जखम धुतली, आत ओलसर जाळीदार कापड भरलं आणि औषधं सुरू केली. ते दोन टाके पुन्हा घातले नाहीत. अशी जखम वरून शिवून टाकली तर पू आत कोंडून राहतो. ती तळापासून वर अशी हळूहळू भरू द्यावी लागते. रोज पट्टी बदलत बदलत ती भरायला तीन आठवडे लागले.

आणि निशाण? ते सांगते शेवटी.

जाळं कसं विणलं जातं?

जखम भरते म्हणजे नक्की काय होतं? नाखव्याला हे मी त्याच्याच भाषेत सांगितलं. त्याचे बाबा फाटलेलं जाळं कसं सांधतात, ते त्यानं शंभर वेळा बघितलंय.

पहिलं काम म्हणजे गळती थांबवणं. रक्तातल्या अगदी बारक्या रक्तपट्टिका चिरेच्या जागी धावतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्त गोठवून बूच मारतात. हे काही मिनिटांचं काम.

दुसरं काम साफसफाईचं. पांढऱ्या पेशी येतात, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. त्या कामावर असताना जागा थोडी लाल होते, थोडी सुजते. म्हणून पहिले तीन-चार दिवस टाक्यांच्या अगदी कडेला थोडी लाली आणि सूज असली, तर घाबरायचं नाही. जरा पातळ, पाण्यासारखी लस आली तरी चालतं.

तिसरं काम विणण्याचं. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होतात आणि त्यांचं जाळं विणलं जातं. हे काम तीनेक आठवडे जोरात चालतं.

चौथं काम म्हणजे जाळं घट्ट करणं. जुने वेडेवाकडे धागे काढून नवे, सरळ, मजबूत धागे बसवायचे. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त दिवस चालू असतं. म्हणून तर व्रण आधी लाल, मग तपकिरी आणि मग फिका होत जातो.

आता गंमत बघा. वरची कातडी साधारण दोन दिवसांत सांधली जाते. त्यामुळे जखम भरल्यासारखी दिसते. पण आतलं जाळं? आठवड्यानंतर ते फारच कच्चं असतं. तीन आठवड्यांनी त्याची ताकद मूळच्या कातडीच्या साधारण पाव भाग असते. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. आणि पूर्ण १०० टक्के ती कधीच होत नाही! म्हणून डॉक्टर "दप्तर उचलू नको, क्रिकेट नको, सायकल नको" असं सांगतात, तेव्हा ते तुमची मजा घालवायला सांगत नसतात. कच्च्या जाळ्यात कोणी मोठा मासा ओढतं का?

अकरा वर्षांचा जेम्स आणि पुण्याजवळचा कारागीर

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा ओल्या पट्टीचं काय एवढं! तर ऐका.

१८६५ सालचा ऑगस्ट महिना. स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहर. जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. हाड मोडलं आणि कातडी फाटली. त्या काळी अशी जखम हमखास चिघळायची. बहुतेक वेळा पाय कापावा लागायचा, नाहीतर जीव जायचा. जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जननी लुई पाश्चर यांचं लिखाण वाचलं होतं. पदार्थ सडतात ते सूक्ष्म जीवांमुळे, असं पाश्चर यांचं म्हणणं. मग जखम सडते तीही त्यांच्यामुळेच नसेल कशावरून? लिस्टरनी जेम्सच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. चार दिवसांनी उघडून बघतात तर काय, पू नाही, घाण वास नाही! सहा आठवड्यांत जेम्सचं हाड जुळलं आणि पाय वाचला. १८६७ साली लिस्टरनी हे सगळं छापून प्रसिद्ध केलं आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. कावसजी नावाचा एक मराठी माणूस इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायचं काम करायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जमातीतल्या कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं! ते बघणाऱ्यांमध्ये इंग्रज डॉक्टरही होते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात ही हकिगत चित्रासकट छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

मला त्या हकिगतीत सगळ्यांत काय आवडतं सांगू? नाक कसं बसवलं हे तर तिथं आहेच, पण नंतर काय केलं हेही नीट लिहिलंय. पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या जखमेवर एकावर एक ठेवल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. पाच-सहा दिवस रोग्याला उताणं निजवून ठेवलं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापड घातलं. म्हणजे बघा, सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही ठाऊक होतं, की कापण्या-शिवण्याचं काम एका दिवसाचं आणि सांभाळण्याचं काम पुढच्या महिन्याभराचं!

(कात आणि तूप मात्र आता नको हं! त्या काळी तेच हाताशी होतं. आज आपल्याकडे निर्जंतुक पट्ट्या आहेत.)

आता कामाचं बोलू

तुमचं किंवा घरात कोणाचं ऑपरेशन झालं असेल, तर हा भाग कापून फ्रिजवर चिकटवा. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐकायचं, कारण जखम त्यांनी बघितलेली असते.

हात. जखमेच्या जवळ जायच्या आधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे. वीस आकडे सावकाश मोजेपर्यंत चोळायचे. बोटांच्या बेचक्या आणि नखं विसरायची नाहीत. मग स्वच्छ टॉवेलला पुसायचे. नाखव्याची आई बाजारातून आली, की आधी हात, मग पट्टी, असा आता त्यांच्या घरचा नियमच झालाय.

पट्टी. पहिले दोन दिवस पट्टीला उगाच हात लावायचा नाही. नंतर डॉक्टर सांगतील तशी बदलायची. पण ती पावसानं, घामानं किंवा रक्तानं भिजली, नाहीतर सुटली, तर वाट बघायची नाही. लगेच बदलून घ्यायची. हे काम मोठ्या माणसाचं किंवा नर्सचं. पट्टीची आतली बाजू, म्हणजे जखमेवर टेकणारी, तिला बोट लावायचं नाही.

आंघोळ. बहुतेक वेळा दोन दिवसांनंतर तांब्यानं किंवा शॉवरखाली पटकन आंघोळ करता येते, पण डॉक्टरांना विचारून. नंतर जखम चोळायची नाही, स्वच्छ कापडानं टिपून कोरडी करायची. टबात बसणं, पोहणं, समुद्र, खाडी हे सगळं जखम पूर्ण भरून डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत बंद. आणि साचलेल्या पावसाच्या पाण्यातून चालणं? बंद म्हणजे बंद!

जखमेवर काय लावायचं? डॉक्टरांनी दिलं असेल तेच. हळद, राख, कॉफीची पूड, टूथपेस्ट, टाल्कम पावडर यांतलं काहीही नाही. हळद स्वयंपाकघरात गुणाची आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय तिच्या पिवळ्या रंगाखाली लाली झाकली जाते. नाखव्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं. घरातलं जंतुनाशक पाणी किंवा फेस येणारं औषधही मनानं ओतायचं नाही. ते जंतूंना मारतं तसंच नव्यानं विणणाऱ्या पेशींनाही मारतं.

"उघडी ठेवा, हवा लागू द्या." हे तुम्ही ऐकलं असेल. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग केले. उघड्या ठेवून वाळवलेल्या जखमांपेक्षा झाकलेल्या, स्वतःच्या ओलाव्यात राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. म्हणून आपण झाकतो. पण लक्षात ठेवा, जखमेचा आपला स्वतःचा ओलावा वेगळा आणि पावसाच्या पाण्यानं भिजलेली पट्टी वेगळी!

खपली आणि खाज. जखम भरताना खाज येते. ओरबाडायचं नाही. खपली काढायची नाही. टाक्याचा दोरा बाहेर डोकावला तर ओढायचा नाही. काही टाके आतल्या आत विरघळतात. बाकीचे डॉक्टर काढतात. चेहऱ्यावरचे साधारण पाच दिवसांत, पोटावरचे सात ते चौदा दिवसांत.

खोकला, शिंक, हसू. पोटाला टाके असतील तर एक छोटी उशी जवळ ठेवायची. खोकला आला की ती पोटावर अलगद दाबून धरायची. नाखव्याच्या मित्रांनी विनोद सांगून सांगून त्याला बेजार केलं, तेव्हा हीच उशी कामाला आली.

औषध. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत. आणि शेजारच्या काकूंच्या घरात उरलेल्या गोळ्या तर नाहीच घ्यायच्या.

म्हावरं खायचं की नाही?

आता आजीच्या त्या म्हणण्याकडे येऊ. मासे, अंडी, वांगं, आंबट हे खाल्लं की जखम पिकते, असं खूप घरांत म्हणतात. माझी स्वतःची आजीही म्हणायची. पण दोस्तांनो, पू होतो तो जंतूंमुळे, माशांमुळे नाही. उलट कोलॅजनचं जाळं विणायला सूत हवं ना? ते सूत म्हणजे प्रथिनं. ती मिळतात मासे, अंडी, डाळी, उसळी, दूध, दही, शेंगदाणे यांतून. शाकाहारी घरांत डाळ-भात-दही आणि मोड आलेली मटकी झकास चालते.

आणि आंबट? कोलॅजनचा धागा पक्का व्हायला 'क' जीवनसत्त्व लागतं. ते आवळा, पेरू, लिंबू, संत्री यांत भरपूर असतं. १७४० ते १७४४ या काळात कमोडोर ॲन्सन या इंग्रज दर्यावर्दीनं जगप्रदक्षिणा केली. महिनोन्महिने ताजी फळं-भाजी नाही, त्यामुळे खलाशांना स्कर्व्ही रोग झाला. त्यांच्यात एक म्हातारा सैनिक होता. १६९० च्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा भरून पन्नास वर्षं झाली होती. त्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या! शरीर जाळ्याची डागडुजी जन्मभर करत असतं आणि त्या डागडुजीला 'क' जीवनसत्त्व लागतं, हे यावरून दिसतं.

हे सगळं मी आजींना सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी नातवाला उपाशीच ठेवला की!" मी म्हटलं, "नाही आजी, तुम्ही त्याची काळजीच घेतलीत. आता फक्त रीत बदलू." दुसऱ्या दिवशी नाखव्याच्या ताटात कालवण होतं आणि वर लिंबाची फोड.

(ज्यांना डॉक्टरांनीच काही पथ्य सांगितलं असेल, किंवा ज्यांना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, त्यांनी ते पाळायचंच.)

धोक्याचे बावटे

बंदरावर वादळाचा बावटा लागला की होड्या बाहेर जात नाहीत. जखमेचेही बावटे असतात. यांतला एक जरी दिसला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं:

— लाली पसरत चालली आहे. (युक्ती: लालीच्या कडेनं कातडीवर पेनानं रेघ काढा, वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेच्या बाहेर गेली, तर पसरतेय हे नक्की.)

— जखम गरम लागते, सूज वाढते, ठणका वाढतो.

— घट्ट, पिवळा-हिरवा पू येतो किंवा घाण वास येतो.

— १००.४ किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणं.

— टाका तुटला, जखमेच्या कडा उघडल्या.

जखमेतून रक्त आलं तर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरायचं. तरी थांबलं नाही तर थेट दवाखाना. आणि पोटाची जखम उघडून आतलं काही दिसू लागलं, तर आत ढकलायचं नाही. स्वच्छ ओल्या कापडानं झाकायचं, मुलाला आडवं ठेवायचं, खायला-प्यायला काही द्यायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा.

पट्टी बदलताना रोज मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला, तर कालची आणि आजची जखम शेजारी शेजारी ठेवून बघता येते. डॉक्टरांनाही ते बरं पडतं.

आई-बाबांसाठी चार ओळी

आई-बाबांनो, हा भाग तुमचा. नाखव्यानं ओली पट्टी तीन दिवस लपवली. का? तो लबाड आहे म्हणून नव्हे. सांगितलं की आधी ओरडा बसणार आणि मग ऐकून घेतलं जाणार, हा त्याचा अनुभव होता. आजारी मूल चुकीचं वागतं, पट्टी भिजवतं, खपली काढतं. ते होणारच. पण "सांगितलंस ते बरं केलंस" हे वाक्य आधी यायला हवं. रागवायचं ते नंतर, जखम भरल्यावर रागवा! पाचव्या दिवशी तो बोलला असता, तर पाच मिनिटांत कोरडी पट्टी बांधता आली असती. बोलला नाही, म्हणून तीन आठवडे गेले.

आणि रोज एक प्रश्न विचारा: "कालच्यापेक्षा आज जास्त दुखतंय की कमी?" मूल "ठीक आहे" म्हणालं तरी एकदा डोळ्यांनी बघा.

आणि निशाण?

नारळी पौर्णिमेच्या दिवशी नाखवा सर्जनकडून पट्टी बदलून आला आणि घराच्या ओट्यावर बसला, पोटावर उशी धरून. मिरवणूक गल्लीतून निघाली. निशाण त्याच्या चुलतभावाच्या हातात होतं. नाखव्याचे डोळे भरून आले होते, हे मी बघितलं. ते मी लिहू नये असं तो म्हणत होता. पण मी म्हटलं, "लिहिते, कारण वाचणाऱ्यांना कळायला हवं, की लपवल्याची किंमत काय असते." थोडा वेळ विचार करून म्हणाला, "बरं, लिही. पण हेही लिही, की ताईनं सदऱ्याचा वास घेतला म्हणून मी वाचलो. आधी मी तिला चुगलखोर म्हणालो होतो."

तर लिहिलं, बाबा! दोस्तांनो, भावाची किंवा मैत्रिणीची जखम बिघडतेय हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही मोठ्यांना सांगितलंत, तर ती चुगली नव्हे. ती मदत.

आता नाखव्याच्या पोटावर एक फिकट रेघ आहे. एका टोकाला ती जरा रुंद आहे, जिथं दोन टाके उघडले होते तिथं. मित्रांना तो सांगतो, की मुशीनं चावा घेतला! उन्हात जाताना तो व्रण झाकून घेतो, कारण नव्या व्रणाला ऊन लागलं की तो काळा पडतो, हे त्याच्या लक्षात आहे. आणि येत्या नारळी पौर्णिमेला निशाण कोणाच्या हातात असणार, ते सांगायला नकोच.

तुमच्या घरात जखमेवर काय काय लावायची पद्धत आहे? आजीला विचारा आणि मला पत्रातून कळवा. त्यातलं काय बरोबर, काय चूक, ते आपण सगळे मिळून तपासू.

तोपर्यंत, पावसात जरूर भिजा. पण टाके असतील तर नाही हं!

तुमची,
डॉक्टरमावशी